राज्यधर कोनाईचा हात

नोव्हेंबर उजाडला की सोलापुरात म्हाताऱ्या माणसांची एक वेगळीच धांदल सुरू होते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आयुष्यभर विड्या वळलेल्या बायकांना जी थोडीफार पेन्शन मिळते, ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा काउंटरवर जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवून द्यावं लागतं. मोठ्या मावशीला घेऊन मी गेले होते. तिने आदल्या रात्रीच इरकल काढून ठेवलं होतं. काचेच्या त्या छोट्या तुकड्याखाली लाल उजेड लागला आणि तिने उजवा अंगठा ठेवला. मग डावा. मग तर्जनी, मधलं बोट, करंगळीसुद्धा. पलीकडच्या मुलाने ओल्या फडक्याने तिचं बोट पुसलं, मग म्हणाला, "आजी, बोट जरा केसांवर घासा, तेल लागलं की येतं कधीकधी." तिने घासलं. मागे रांग वाढत होती, कोणीतरी चुकचुकलं. मुलगा भला होता, एकदाही आवाज चढवला नाही त्याने. शेवटी संगणकाकडे बघत हळूच म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांना रेषाच राहिल्या नाहीत." मावशीने हात पदराखाली घेतला. क्षणभराने तोच हात परत पुढे केला आणि म्हणाली, "मग सही करते की. सही येते मला. दे पेन इकडं." तो म्हणाला, "सही चालत नाही आजी."

पुन्हा कधी यायचं ते विचारून आम्ही निघालो. रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. नवी पेठ मागे पडल्यावर तिने विचारलं, "कुणी काढलं गं हे? बोट बघून माणूस वळखायचं?"

तिचा स्वर चिडलेला असता तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या गोष्टीने आपल्याला नाकारलं ती गोष्ट आली कुठून, एवढंच. त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही.

तिची बोटं मला लहानपणापासून माहीत आहेत. तिच्या घरी गेलं की दारातच तंबाखूचा उग्र, गोडसर वास यायचा. तो वास चादरींना, भांड्यांना, तिच्या केसांना असायचा. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली आणि कात्रीने एका मापाची कापलेली टेंभुर्णीची पानं, बाजूला जर्द्याचा ढीग. पान हातात घ्यायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये घासत वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटवायचं. बोलता बोलता, शेजारणीशी भांडता भांडता, मुलाला पाजता पाजता ते चालू असायचं. कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा तपासणारा माणूस मूठभर विड्या नापास करून बाजूला काढायचा, आणि त्या हजारात धरल्या जायच्या नाहीत. चाळीसएक वर्षं ती हेच करत होती. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक पिवळट पडलेलं, गुळगुळीत, तकाकी आलेलं. त्या बोटांनी गाल कुरवाळले की त्यांचा स्पर्श वेगळा कळायचा.

आणि गंमत अशी की आमची बोटं बघायची खोड तिलाच होती. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमलो की दुपारी खिडकीपाशी बसवून ती एकेकाचा हात उजेडाकडे धरायची. रेषा गोल फिरत असतील तर चक्र, एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला गेल्या तर शंख. "चक्र, चक्र, शंख, चक्र," ती मोजत जायची. दहाही बोटांना चक्रं असतील तो राजा होतो, नाहीतर संन्यासी, असं आमच्या घरात म्हणत. ज्याची चक्रं कमी भरायची तो हिरमुसायचा. मग ती म्हणायची, "शंख म्हंजे लक्ष्मी. रडतंस कशाला?" प्रत्येकासाठी तिच्याकडे काहीतरी शुभ असायचंच.

या रेषा आईच्या पोटातच उमटतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्यांची सुरुवात होते आणि सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी कायमची ठरते. पोटातलं पाणी, बाळाची हालचाल, बोटाच्या टोकाची त्या वेळची जाडी, अशा बारीकसारीक गोष्टींवर ती अवलंबून असते, म्हणून दिसायला एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे निघतात. नक्षीचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. वरवर भाजलं, खरचटलं तरी नवी कातडी येते ती तीच नक्षी घेऊन. म्हणजे मावशीच्या रेषा तशा पुसून गेलेल्या नाहीत. रोजच्या घासण्याने त्या जितक्या झिजत गेल्या तितक्या वेगाने भरून आल्या नाहीत, आणि पुढे वयाने कातडी पातळ झाली. वीटभट्टीवरच्या, खडी फोडणाऱ्या, चुन्यात काम करणाऱ्या हातांचंही हेच होतं. हाताला पुरेसे दिवस आराम मिळाला तर रेषा परत दिसू लागतात. आराम कुठून आणायचा हा प्रश्न वेगळा.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पहिल्यांदा एक शब्द भेटला. डॅक्टिलोस्कोपी. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राचं इंग्रजीतलं भारदस्त नाव. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस फिंगरप्रिंटच म्हणतो, पण जर्मन, पोलिश, रशियन, स्पॅनिश या भाषांत हाच शब्द थोड्याफार फरकाने नेहमीच्या वापरात आहे. ग्रीकमध्ये दाक्तिलोस म्हणजे बोट आणि स्कोपेइन म्हणजे निरखून पाहणं. मला वाटलं होतं की ग्रीक मुळं म्हणजे लंडन किंवा पॅरिसच्या कुठल्यातरी विद्वानाने बसून घडवलेला शब्द असणार. तो घडला अर्जेंटिनात, एका वर्तमानपत्राच्या पानावर, आणि घडवणारा होता दूरच्या देशातून पोट भरायला आलेला माणूस.

अॅड्रियाटिक समुद्रातल्या ह्वार नावाच्या बेटावर १८५८ साली इव्हान वुचेटिच जन्मला. बाप पिंपं बनवायचा. मुलगा पंचविशीच्या आसपास अर्जेंटिनाला गेला, तिथे हुआन वुसेतिच झाला आणि १८८८ मध्ये ला प्लाता शहरच्या पोलीस खात्यात लागला. तेव्हा जगभरच्या पोलिसांवर पॅरिसच्या अल्फॉन्स बर्टिलाँचा पगडा होता. डोक्याची लांबी, पायाची लांबी, मधल्या बोटाची लांबी, हात पसरले की होणारं अंतर अशी मापं घ्यायची आणि त्यांवरून गुन्हेगार ओळखायचा, ही त्याची पद्धत. १८९१ मध्ये वरिष्ठांनी वुसेतिचला अशीच मापं घेणारं कार्यालय उभारायला सांगितलं, आणि सोबत एक फ्रेंच नियतकालिक दिलं. त्यात इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने बोटांच्या ठशांवर केलेल्या कामाबद्दल लेख होता. वुसेतिचचं मन मापांवरून उडालं ते तिथेच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने कैद्यांच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आणि नक्षीचे चार प्रकार पाडले: कमान, डावीकडचा फास, उजवीकडचा फास आणि भोवरा.

या नव्या पद्धतीला त्याने नाव दिलं इक्नोफालांगोमेत्रिया. इक्नोस म्हणजे माग, पाऊलखूण. फालांग म्हणजे बोटाचं पेर. मेत्रिया म्हणजे मोजमाप. तोंडात न मावणारं हे नाव. बर्टिलाँचं मोजमाप टाकून दिलं तरी शब्दाच्या शेपटात ते राहून गेलं होतं. १८९४ साली फ्रान्सिस्को लात्सिना या संख्याशास्त्रज्ञाने 'ला नासिओन' या वर्तमानपत्रात वुसेतिचच्या कामाचं कौतुक करताना सुचवलं की या शास्त्राला दाक्तिलोस्कोपिया म्हणावं. लात्सिनाही परकाच, मोराव्हियातल्या ब्रनो शहरात जन्मलेला. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या या माणसाने नावातून मोजणं काढलं आणि पाहणं घातलं, हे मला फार आवडलं. वुसेतिचने ते नाव आनंदाने स्वीकारलं आणि १९०४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथावर छापलं. तिथून ते युरोपात गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीतही रुजलं.

त्याआधी, १८९२ च्या जूनमध्ये, नेकोचेआ गावात एक भयंकर घटना घडली होती. फ्रान्सिस्का रोखास नावाच्या बाईची दोन लहान मुलं घरात मारलेली सापडली. तिने शेजाऱ्यावर आळ घेतला. त्याचे पोलिसांनी हाल केले तरी तो कबूल होईना. तपासाला आलेल्या आल्वारेस या अधिकाऱ्याला दारावर रक्ताळलेला अंगठा उमटलेला दिसला. दाराचा तेवढा तुकडा त्याने कापून घेतला आणि बाईच्या अंगठ्याशी ताडून पाहिला. अंगठा तिचाच होता. समोर ठेवल्यावर ती कबूल झाली. ठशावरून खुनाचा छडा लागल्याची ही पहिली घटना मानतात. हे वाचताना माझ्या मनात त्या शेजाऱ्याचाच विचार जास्त आला. ठसा सापडला नसता तर तो गेलाच होता. मावशीला या शास्त्राबद्दल सांगायचं तर हेही सांगायला हवं, की त्याने निरपराध माणसं सोडवली आहेत.

पण मावशीने विचारलं होतं, कुणी काढलं. आणि ते उत्तर अर्जेंटिनात संपत नाही.

वुसेतिच जन्मला २० जुलै १८५८ ला. त्यानंतर आठच दिवसांनी, २८ जुलैला, बंगालमध्ये भागीरथीच्या काठी जंगीपूरला एका करारावर एक हात उमटला. सत्तावन्नच्या उठावाला जेमतेम वर्ष झालं होतं. तिथला पंचविशीतला इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल रस्त्याच्या खडीकरणाचं काम काढत होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. निस्ता गावचा कंत्राटदार राज्यधर कोनाई याच्याशी त्याचा सौदा ठरला. पुढे काय झालं ते हर्शेलने म्हातारपणी, १९१६ साली, छोटं पुस्तक काढून सांगितलं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. करार कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिला होता, पक्क्या व्यापारी रिवाजाने. पहिल्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तो सही करणार, इतक्यात हर्शेलने मजकूर वाचण्यासाठी त्याला थांबवलं. आणि थांबवल्यावर त्याच्या मनात आलं की सहीऐवजी याचा हातच घेऊन बघावा. सरकारी शिक्क्यासाठी घरी केलेली तेलाची शाई होती, ती कोनाईच्या तळव्याला आणि बोटांना लावली आणि अख्खा पंजा कराराच्या मागे दाबला. कोनाईला पुढे आपली सही नाकारता येऊ नये म्हणून धाक बसवायचा, एवढाच त्या वेळी हेतू होता, असं हर्शेल सरळ लिहितो.

त्याला लिहिता येत होतं!

हे कळलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. अंगठा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निरक्षर माणूस येतो. अंगठेबहाद्दर हा शब्द आपण किती सहज वापरतो. आमच्या गावाकडच्या जुन्या खरेदीखतांवर नावाखाली लिहिलेलं असतं, निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. त्याच्याही आधी, शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो. नांगर ही त्याची कामाची खूण, त्याच्या वतनाची, मानाची खूण. बंगालमध्येही बोटाचं टोक शाईत बुडवून कागदाला टेकवायची रीत होती. तिला आजही टिपसई म्हणतात. हर्शेलचं म्हणणं असं की तो नुसता शाईचा ठिपका असायचा, त्यात रेषा दिसायच्या नाहीत. म्हणजे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी काहीतरी सोय आपल्याकडे आधीपासून होती. कोनाईची गोष्ट निराळी आहे. त्याची अक्षरं त्या कागदावर होती. त्याचा बोरू सहीच्या जागेपर्यंत पोचला होता. आणि तिथे त्याला थांबवून सांगितलं गेलं की तुझं लिहिलेलं पुरेसं नाही, तुझं अंग लागेल.

मावशीने सही शिकली ती चाळिशी ओलांडल्यावर. नव्वदच्या सुमारास वस्तीत रात्रीचे साक्षरता वर्ग चालायचे. दिवसभर विड्या वळून ती तिथे जायची. पाटीवर स्वतःचं नाव काढताना जीभ दातात धरायची. आधी नुसतं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. शेवटी एक ठळक टिंब द्यायची, आणि ते दिल्याशिवाय सही पुरी झाली असं तिला अजूनही वाटत नाही. पहिल्यांदा पगाराच्या पुस्तकात अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी तिने गल्लीत साखर वाटली होती. मला ती साखर आठवते, कागदाच्या पुडीतली, तंबाखूचा वास लागलेली. ज्या बाईने अंगठा सोडून सहीपर्यंत यायला इतके कष्ट घेतले, तिला साठी उलटल्यावर परत अंगठा मागितला गेला, आणि तोही तिच्याकडे उरला नव्हता. काउंटरवरच्या त्या मुलाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण कोणाला तरी ठाऊक असायला हवं.

हर्शेल पुढे हुगळीचा मॅजिस्ट्रेट झाला. १८७७ मध्ये त्याने तिथे ठशांचा सरकारी वापर सुरू केला: दस्तांच्या नोंदणीसाठी, तुरुंगात शिक्षा भोगणारा माणूस तोच आहे ना हे बघायला, आणि पेन्शनरांसाठी. मेलेल्या पेन्शनराच्या जागी दुसराच कोणी येऊन पैसे उचलू नये म्हणून. हे वाचलं आणि मी थबकले. एकशे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हुगळीच्या कचेरीत म्हातारे पेन्शनर रांगेत उभे राहून बोट दाबत होते, आपण अजून आहोत हे सांगायला. मावशीच्या रांगेचं पहिलं टोक तिथे आहे. त्या वर्षी त्याने वरिष्ठांना पत्र लिहून ही पद्धत सगळीकडे लावायला सुचवलं. ते मनावर घेतलं गेलं नाही, आणि पुढच्याच वर्षी तो मायदेशी परतला.

यानंतर विलायतेत श्रेयाचं भांडण लागलं. जपानमध्ये काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरला जुन्या मडक्यांच्या तुकड्यांवर कुंभाराच्या बोटांच्या खुणा दिसल्या होत्या, आणि त्याने १८८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून सुचवलं की ठशांवरून गुन्हेगार सापडू शकतील. हर्शेलने लगेच लिहिलं की मी हे बंगालमध्ये वीस वर्षं करतोय. फॉल्ड्स उरलेलं आयुष्य आपलं नाव पुढे यावं म्हणून झगडत राहिला. त्याने तर शास्त्राला डॅक्टिलोग्राफी असं नावही देऊन पाहिलं, ते टिकलं नाही. मला या भांडणात फारसा रस वाटला नाही. ज्यांना भांडायला जागाच मिळाली नाही ती माणसं मला जास्त जवळची वाटली, आणि ती कलकत्त्यात होती.

बंगालच्या पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोन तरुण अधिकारी होते, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. ठसे घेणं सोपं होतं. खरी अडचण शोधण्याची होती. हजारो कागदांच्या ढिगातून एका माणसाचा कागद काढायचा कसा? हकचं गणित चांगलं होतं. त्याने दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ज्या बोटावर भोवरा असेल त्याला जोडीप्रमाणे सोळा, आठ, चार, दोन किंवा एक असे गुण दिले. कमानीला आणि फासाला शून्य. बेरजा करून एक अपूर्णांक मांडायचा, वर आणि खाली एकेक मिळवायचा. वर बत्तीस शक्यता, खाली बत्तीस, म्हणून एक हजार चोवीस खणांचं कपाट. प्रत्येक माणसाचा कागद कुठल्या खणात जाईल ते दोन मिनिटांत ठरायचं.

भोवरा म्हणजे चक्र. ज्या पद्धतीवर पुढे स्कॉटलंड यार्ड चाललं, तिचा पाया चक्रं मोजण्यावर होता. मावशी खिडकीत बसून आमच्या हातांवर तेच करायची. हकच्याही घरात कोणी म्हातारी अशी चक्रं मोजत असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. पुराव्याने सांगण्यासारखं यात काही नाही, पण बंगाल काय आणि सोलापूर काय, मुलांची बोटं उजेडात धरून बघायची हौस सारखीच. जंगीपूरच्या त्या दिवशीही हर्शेल आणि कोनाई हात बघताना हस्तसामुद्रिकावरून एकमेकांची थट्टा करत होते, असं हर्शेलने लिहून ठेवलंय.

१२ जून १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं कार्यालय रीतसर सुरू झालं. १९०१ मध्ये हेन्री लंडनला गेले आणि तिथेही तसंच कार्यालय निघालं. पद्धतीचं नाव हेन्री पद्धत. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर, रायबहादूर असे किताब आणि काही रक्कम मिळाली. १९२६ मध्ये हेन्रींनी एका पत्रात मान्य केलं की वर्गीकरण सिद्ध करण्यात आपल्या हाताखालच्या इतर कोणाहीपेक्षा हकचा वाटा मोठा होता. तोपर्यंत नाव जगभर छापून झालं होतं. मला याचा राग येतो. शंभर वर्षांनी राग धरून काय होणार, असं कोणी म्हणेल. पण ज्या शास्त्राचा सगळा अट्टाहास एका माणसाची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये हा आहे, त्याच्याच जन्मदाखल्यावर नावांची इतकी मोठी गल्लत व्हावी, हे मला सहज सोडून देता येत नाही.

हेन्रींनी ठशांवर पुस्तकही लिहिलं होतं, आणि त्याचा एक वाचक आपल्या ओळखीचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या भारतीय लोकांना दहा बोटांचे ठसे देऊन परवाने घ्यायची सक्ती केली, तेव्हा गांधीजींनी ठशांबद्दल वाचायला घेतलं. दहा बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात हे त्या पुस्तकातून आपल्याला समजलं, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. सत्याग्रह जन्मला तो त्या कायद्याविरुद्धच्या लढ्यात. आणि पुढची हकिगत मला त्याहून हलवून गेली. १९०८ च्या सुरुवातीला सरकारशी तडजोड झाली: सक्ती मागे घ्यायची आणि लोकांनी आपण होऊन ठसे द्यायचे. गांधीजी पहिले निघाले. वाटेत मीर आलम या त्यांच्याच ओळखीच्या पठाणाने त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत मारलं, दहा बोटं देऊन तुम्ही आम्हाला विकलंत म्हणून. शुद्धीवर आल्यावर, ओठ फाटलेला, बरगड्या दुखतायत, अशा अवस्थेत त्यांनी परवान्याचा अधिकारी चॅमनी यांना कागद घेऊन बिछान्यापाशी बोलावलं आणि दहाही बोटं उमटवली. चॅमनींच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. बोटं तीच, शाई तीच. मागून घेतलेला ठसा आणि आपण होऊन दिलेला ठसा यांत केवढं अंतर असतं ते त्या माणसाला कळलं होतं, आणि मीर आलमला तो ठसा देणंच सोसलं नव्हतं. मला दोघांचंही म्हणणं समजतं. सरकारने मात्र शब्द पाळला नाही, आणि त्याच ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीच्या पटांगणात हजारो परवाने जाळले गेले.

वुसेतिचच्या वाट्यालाही शेवटी हेच आलं. केवळ कैद्यांचे नव्हे, प्रांतातल्या सगळ्याच माणसांचे ठसे नोंदवावेत हे त्याचं स्वप्न होतं. १९१६ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात तसा कायदा होऊन कार्यालय निघालं. लोकांनी विरोध केला, आम्ही काय चोर आहोत का म्हणून, आणि वर्षभरात ते बंद पडलं. खचलेला वुसेतिच डोलोरेस गावी राहायला गेला आणि १९२५ मध्ये तिथेच वारला. त्याचं स्वप्न आज आपल्याकडे जेवढं पुरं झालं तेवढं क्वचितच कुठे झालं असेल.

मावशीचं काम नंतर झालं. दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असूनही तिचे डोळे त्याने ओळखले, आणि ती या वर्षापुरती हयात ठरली. त्या संध्याकाळी चहा पिताना मी तिला हे सगळं सांगितलं. ला प्लाता आणि ह्वार तिने सोडून दिलं. चक्रं मोजणाऱ्या बंगाली पोलिसांचं ऐकून ती हसली. कोनाईपाशी आल्यावर मात्र तिने मला थांबवलं. "त्याला ल्हिता येत हुतं? आन् तरी?" मग थोडा विचार करून म्हणाली, "आन् सायबानं? त्यानं दिला का सोताचा हात?"

दिला होता. म्हणून तर मला जंगीपूरचा तो दिवस नुसता अन्यायाचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. हर्शेलने दुसऱ्या कागदावर आपलाही पंजा उमटवला आणि दोघांनी दोन हात शेजारी ठेवून निरखले. धाक बसवायला निघालेला अधिकारी आणि सही थांबवलेला कंत्राटदार, दोघांच्याही हाताला शाई लागलेली. हर्शेल त्यानंतर आयुष्यभर स्वतःची बोटं उमटवत राहिला. १८५९, १८७७ आणि १९१६ मधले त्याचे ठसे उपलब्ध आहेत, वयाने रेषा बदलत नाहीत हे दाखवण्यासाठी त्याने जपलेले. त्याने विड्या वळल्या नव्हत्या, तेव्हा त्या टिकल्या. पण निदान त्याने स्वतःचाही हात पुढे केला होता, आणि लात्सिनाच्या शब्दातलं निरखून पाहणं त्या एका दिवशी दोन्ही बाजूंनी झालं होतं. हुगळीच्या रांगेत, कलकत्त्याच्या कपाटात, ट्रान्सवालच्या परवान्यावर ते तसं राहिलं नाही.

कोनाईच्या पंजाचं चित्र ठशांच्या इतिहासात जिथे तिथे छापलेलं असतं. सगळे त्या हाताबद्दल बोलतात. मला आता त्याची अक्षरं वाचायची आहेत. किती खडी, कुठल्या दराने, किती दिवसांत, काय काय कबूल केलं होतं त्याने, हे त्याच्याच लिखाणातून, त्याच्या व्यापारी वळणातून. बंगाली लिपी शिकायला घेतली आहे. मुळाक्षरं झाली, जोडाक्षरांशी झटापट चालू आहे. जुनं हस्ताक्षर वाचता यायला वेळ लागेल. मावशी मधूनमधून विचारते, "त्या मानसाचं वाचून झालं का?"